वरून पातळ, खाली घट्ट

परवा इरानं फोनच्या पडद्यावर मला एक चपटं पाकीट दाखवलं. तिच्या हातात निळे हातमोजे होते, मागं तिची प्रयोगशाळा होती आणि खिडकीबाहेर, एप्रिल लागला तरी, बर्फ साचलेला होता.

"आज्जी, तुझ्या काळातली गोष्ट बघ," ती म्हणाली. "ग्रेडियंट जेल. वर चार टक्के, खाली वीस. पाकीट फाडायचं आणि लावायचं."

"ओतलं कुणी?" मी विचारलं.

"कुणी नाही गं. कारखान्यात मशीन ओततं. तुम्ही कसं करायचात?"

लिहून कळवते, असं म्हणून मी फोन ठेवला. फोनवर मला नीट सांगता येत नाही. मध्येच तिचा भाऊ निनाद डोकावतो आणि आज्जी जेली करायची का, आंब्याची की स्ट्रॉबेरीची, असं विचारून मोकळा होतो. तेव्हा हे दोघांसाठी आहे. निनाद, शेवटपर्यंत वाच. आंबा कुठंही येणार नाही.

इकडं ऊन तापायला लागलंय. सकाळचा चहा होतो न होतो तोच गच्चीची फरशी पाय टेकू देत नाही. कूलरच्या जाळीत नवा वाळा भरून घेतला, पडदे ओले केले, माठाखाली वाळू बदलली. दर वर्षी मी ही कामं याच क्रमानं करते. तुमचे आजोबा म्हणायचे, हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी तिथलं कपाट आवरील. आवरलेलं कपाट मला अजूनही धीर देतं. पण उन्हाळा आला की एक कप्पा असा उघडतो, जो मला कधीच आवरता आला नाही.

तुम्ही दोघं सुट्टीत येता तेव्हा माझ्यावर एकाच कारणानं ओरडता. "आज्जी, कप केवढा गरम आहे, धरतेस कशी?" मी धरते, कारण मला तो गरम लागत नाही. पोळी तव्यावरून बोटांनी उलटते, तेव्हा शेजारच्या सुना कौतुक करतात. नाण्याची कड मला कळत नाही, सुईचं टोक उशिरा कळतं. डॉक्टर म्हणतात, वय. वय असेलही. मी वाद घालत नाही. पायाला मात्र फरशी बरोबर भाजते.

तेव्हा हे शहर औरंगाबादच होतं. पोलीस ॲक्शननंतर जन्मलेली आमची पिढी. घरात वडील उर्दूत हिशेब करायचे, आई मराठीत ओव्या म्हणायची आणि मला छावणीतल्या इंग्रजी शाळेत घातलेलं. पुढं रसायनशास्त्र शिकले आणि लग्नानंतर इथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागले. लांबट खोली, उंच छत, पश्चिमेला खिडक्या. दुपारी दोननंतर ऊन थेट टेबलावर यायचं. आमच्या प्रमुख म्हणजे मॅडम, पुण्याच्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या, मनानं मऊ. काम होतं मेंढ्यांच्या रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघण्याचं. कन्नड तालुक्यातल्या रानात चरणाऱ्या मेंढ्या दुष्काळातही तगतात, त्यांच्या रक्तात वेगळं काही आहे का, असा मॅडमचा प्रश्न होता.

आणि होती नफीसा. हुद्दा प्रयोगशाळा सहायक, तोही हंगामी. वयानं माझ्याहून लहान, अंगानं काडी. तिचे वडील नवाबपुऱ्यात हिमरू विणायचे. हिमरू म्हणजे सुती ताण्यावर रेशमी बाण्याची वेलबुट्टी. पूर्वी अमीर-उमराव त्याच्या शेरवान्या शिवायचे, पुढं पर्यटक शाली न्यायला लागले. नफीसाच्या वडिलांची नजर गेली होती. अगदी अंधार नव्हता, पण धागा दिसायचा नाही. बुट्टीचा हिशेब त्यांच्या डोक्यात होता, पाय-हात सवयीनं चालायचे. तुटलेला ताणा जोडणं मात्र त्यांच्याकडून व्हायचं नाही. ते नफीसा करायची. सकाळी प्रयोगशाळेत येण्याआधी आणि संध्याकाळी घरी गेल्यावर. ताण्यात शेकडो धागे शेजारीशेजारी, त्यातला तुटलेला ती नजरेनं शोधायची नाही, बोटांनी शोधायची. अंगठा आणि तर्जनी. सुटलेली टोकं सापडली की एक पीळ, एक गाठ, आणि गाठ इतकी बारीक की कापडाच्या उलट्या बाजूवरही जाणवू नये.

"अब्बा बोलते, आँखें मेरी गईं, तो अल्ला ने उँगलियाँ बेटी को दी," ती हसून सांगायची. तो माग तिच्या बोटांवर चालत होता. बोटं आहेत तोवर माग आहे, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि मलाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दोघी एसटीनं कन्नडला रक्ताचे नमुने आणायला गेलो होतो. घाटाखालच्या एका शेतात मेंढ्या बसवलेल्या. धनगरवाड्यातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून आमच्याकडं बघत होती.

"रगत नेऊन काय करता गं बाई? शहरात ते बी इकतंय का?"

"बघतो मावशी, आत काय आहे ते," मी म्हणाले.

"आत काय असायचंय? लालच असतंय. तुमचं काय येगळंय व्हय?"

नफीसा तोवर मेंढीजवळ बसलीसुद्धा होती. तिनं लोकरीत बोटं घातली, केस दुभंगले आणि डोळे मिटून क्षणभर थांबली. मग सुई टोचली. शीर पहिल्या खेपेला सापडली. मेंढी हललीही नाही. म्हातारी जवळ आली, तिनं नफीसाचा हात आपल्या हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला.

"लई हलका हात हाय पोरीचा," ती मला म्हणाली. "असा हात बाळंतिणीच्या खोलीत पायजे, मेंढरात नाय."

परतीच्या बसमध्ये नफीसा ते वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती आणि खिदळत होती. बर्फाच्या पेटीत नमुने, पेटी आमच्या दोघींच्या पायांमध्ये, आणि घाटात पळस फुललेला. सुखाचा दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर मी आजही तो सांगीन.

आता इराच्या प्रश्नाचं उत्तर. निनादसाठी सोपं करून सांगते. जेल म्हणजे एक पारदर्शक वडी, दोन काचांच्या फटीत उभी घट्ट केलेली. तिच्यात बारीक जाळं असतं. वरच्या कडेला रक्तातलं पाणी घालायचं आणि वीज सोडायची. प्रथिनं जाळ्यातून खाली सरकतात, लहान लवकर, मोठी सावकाश. जाळं सगळीकडं सारखं असेल तर लहान खालून निसटून जातात आणि मोठी वरच अडकतात. म्हणून जाळं वर विरळ आणि खाली दाट हवं, आणि हा बदल इतका हळूहळू व्हायला हवा की कुठं सांधा दिसू नये. वरून पातळ, खाली घट्ट. ज्याला जिथं पुढं जाता येत नाही, तिथं तो थांबतो. माणसांचंही असंच असतं, असं मला त्या वेळी वाटायचं नाही. आता वाटतं.

करायचं कसं? शेजारीशेजारी दोन पेले, तळाशी एका बारीक वाटेनं जोडलेले. एकात जेलचं दाट पाणी, साखर घालून जड केलेलं, दुसऱ्यात पातळ. दाट पेल्यात लोहचुंबकाची काडी गरगर फिरत असते. त्या पेल्यातून एक रबरी नळी निघते आणि काचांच्या फटीवर येऊन टेकते. नळी सोडली की आधी दाट उतरतं, त्याची जागा पातळ घेत जातं, आणि ओघ क्षणाक्षणाला विरळ होत जातो. शेवटी वरून पाण्याचा एक थर, अलगद. मग थांबायचं. जेल धरलं की पाण्याखाली एक बारीक रेघ उमटते, केसाएवढी. ती रेघ दिसली की श्वास सोडायचा.

सगळं अवलंबून असतं त्या ओघावर. वेगात सोडलं तर थर एकमेकांत कालवतात, सावकाश सोडलं तर नळीतच घट्ट होतं. विकतचा चिमटा आमच्याकडं होता, पण तो एक तर उघडायचा नाही तर मिटायचा. मधलं त्याला ठाऊक नव्हतं. नफीसानं पहिल्याच दिवशी तो काढून ठेवला आणि नळी आपल्या चिमटीत धरली.

"दीदी, तुम्ही पिळता," मी करून बघायला गेले तेव्हा ती म्हणाली. "पिळायचं नाय. फक्त धरायचं. अंदर पानी चलता, वो उँगली को लगना."

"मला नाही लागत बाई."

"लगेगा. तुम्हारे हाथ में जल्दी है, बस."

तिच्या चिमटीतून उतरलेली जेलं मी प्रकाशात धरून बघायची. सांधा कुठंच नाही. मॅडम म्हणायच्या, "हिमरूच आहे गं हे, फक्त धागे दिसत नाहीत."

मार्च संपला आणि उन्हानं आमच्या कामात हात घातला. उष्णतेनं जेल भलतंच लवकर धरतं. पेल्यातच गोळा व्हायचा, काडी फिरायची थांबायची. आम्ही बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली लादी आणायचो, भुसा धुवायचो, तुकडे करून पेले त्यात बसवायचो. जेल जिच्यापासून करायचो ती पूड, ॲक्रिलामाइड म्हणतात तिला, मुंबईहून मोठ्या डब्यात यायची, पिवळट आणि ओलसर. ती आम्हीच विरघळवून, गाळून, पुन्हा स्फटिक करून शुद्ध करायचो. वजन करताना पंखा बंद ठेवावा लागे, पूड उडते म्हणून. बंद पंख्याखाली, घामेजलेल्या हातांवर ती साखरेसारखी चिकटून बसायची. डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर इंग्रजीत असतं, आणि तिथं इंग्रजी वाचणाऱ्या मॅडम आणि मी, दोघीच होतो.

हातमोजे होते. एक जोड, जाड, बाहेरून कुणी पाहुणे येतील म्हणून कपाटात पावडर लावून ठेवलेला. उन्हाळ्यात ते घातले की आत घामाचं तळं व्हायचं आणि नळीतलं पाणी "लागायचं" नाही.

आणि आमची एक पद्धत होती. कुणी शिकवली नव्हती, आपोआप आलेली. जेल धरलं की नाही हे काचांत हात घालून कसं बघणार? म्हणून पेल्याच्या तळाशी उरलेल्या थेंबात बोट बुडवायचं आणि अंगठ्यावर घासून बघायचं. पाकाची तार बघतात ना, तसं. स्वयंपाकघरात वाढलेल्या बायकांचे हात ते, दुसरं काय करणार?

"काय गं, एकतारी की दोनतारी?" मॅडम टेबलापलीकडून विचारायच्या.

"अभी तो चाशनी है, मॅडम," नफीसा म्हणायची. "गुलाबजामून छोड़ो अब."

सगळ्या हसायच्या. पुरुषांच्या प्रयोगशाळेत असं कुणी केलं असतं असं मला वाटत नाही; त्यांनी घड्याळ लावलं असतं. इरा, तुला आता कळलंच असेल. धरलेलं जेल निरुपद्रवी असतं. जोवर धरलेलं नसतं तोवर ते कातडीतून आत जातं आणि मज्जातंतू खातं. आणि आम्ही बोट घालायचो ते धरलं नसेल तेव्हाच.

एप्रिलच्या मध्यावर नफीसाच्या तळव्यांची सालं निघायला लागली. माझ्याही थोडी निघाली. हात सतत ओले, घामानं निथळणारे. पण उन्हाळ्यात इथं कुणाच्या हाताला घाम येत नाही? शेजारीण म्हणाली, उष्णता बाहेर पडतेय, सब्जा प्या. आम्ही सब्जा प्यालो. कुणी म्हणालं, सोड्यानं भांडी घासता म्हणून. आम्ही सोडा बदलला. ऋतूनं आमच्यासाठी प्रत्येक खुणेचं एक साधं कारण तयार ठेवलं होतं.

मग जेलं बिघडायला लागली.

प्रथिनांच्या पट्ट्या वाकड्या यायच्या, एका बाजूला झुकलेल्या, कुठं दोन थरांचा सांधा उघडा पडलेला. आम्ही कारण शोधायला लागलो. पहिला संशय बर्फावर. मग साखरेवर, कन्नडची साखर आणली होती, ती सोडून बाटलीतली महाग साखर वापरली. मग पाणी पुन्हा ऊर्ध्वपातित केलं. मग विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून दुपारऐवजी सकाळी ओतायला लागलो. काचा आम्लात बुडवून धुतल्या. मॅडमनी टेबल सपाट आहे का, हे पाण्याच्या बुडबुड्यानं तपासलं. प्रत्येक गोष्टीवर आमचा संशय जाऊन आला. नळी धरलेल्या चिमटीकडं आमच्यापैकी कुणी बघितलं नाही. तिथं बघणं म्हणजे सूर्य पूर्वेलाच उगवतो का ते तपासणं झालं असतं.

"मुझसे हो नहीं रहा, दीदी," नफीसा एकदाच म्हणाली.

"ऊन आहे गं. जरा पाऊस पडू दे."

"हौ," ती म्हणाली. आणि तिनं हात ओढणीत लपवले. ते मला दिसलं, पण मी त्यातून काहीच समजले नाही.

मे महिन्यात एका रविवारी तिच्या घरी गेले. सोबत बर्फाचा एक तुकडा नेला होता, तिच्या अब्बांना सरबतात आवडायचा म्हणून. मागाचा खड्डा जमिनीत, त्यात पाय सोडून अब्बा बसलेले. वरून छताच्या झरोक्यातून उजेडाची एक पट्टी कापडावर पडलेली, आणि त्या उजेडात तांबड्या जमिनीवरची पिवळी बुट्टी जिवंत वाटत होती. अब्बा थांबले होते. उजवा तळवा कापडावर फिरवत होते, पुढं, मागं, पुन्हा पुढं. एका जागी तळवा अडला.

"ये किसने जोड़ा?" त्यांनी विचारलं.

नफीसा दारात उभी होती. "मैं जोड़ी, अब्बा."

"झूट."

"अल्ला कसम, मैंच जोड़ी."

"मेरी बेटी ऐसी गाँठ नहीं मारती," म्हातारा शांतपणे म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी, शेजारच्या पोरीनं वगैरे, गाठ मारली असावी. नफीसा पुढं आली, खाली बसली, आणि तिनं ताण्यावर बोटं ठेवली. तुटलेला एक धागा समोर लोंबत होता. मला दिसत होता. तिची बोटं त्याच्यावरून गेली, पुढं गेली, परत आली, पुन्हा त्याच्यावरून गेली.

बर्फ माझ्या हातात वितळत होता. तिनं माझ्याकडं बघितलं.

"दीदी," ती म्हणाली, "वो नली भी मेरेकू नहीं लगती. कबसे नहीं लगती."

छावणीतल्या डॉक्टरांनी तिचे तळवे उलटून बघितले, पिनेनं टोचलं, डोळे मिटायला सांगून बोटं वर-खाली केली. काम काय करता, कशाला हात लावता, एवढंच विचारलं. एका कारखान्यातल्या माणसाचे असे हात त्यांनी पूर्वी पाहिले होते.

"ती पूड आजपासून बंद," ते म्हणाले. "तंतू वाढतात, पण फार हळू. येईल. बरंचसं येईल."

"कितना आएगा?" नफीसानं विचारलं.

"भांडी घासता येतील, शिवता येईल, सगळी घरकामं होतील."

"धागा?"

डॉक्टरांना कसला धागा ते कळलं नाही. मी सांगायला गेले, पण नफीसानंच मान हलवली. नको.

मॅडमनी त्याच दिवशी कपाटातले हातमोजे बाहेर काढून टेबलावर ठेवले. कुणीच पुन्हा बोटानं तार बघितली नाही. मी वाळूचं घड्याळ आणलं. नळीसाठी लोखंडी स्क्रूचा चिमटा मिळाला, ज्याला मधलं ठाऊक होतं, इतके दिवस बाजारात मिळत होता. आणि जूनच्या सुरुवातीला, हातमोज्यात घाम गाळत, मी जे जेल ओतलं ते त्या हंगामातलं सगळ्यात चांगलं निघालं. निळ्या रंगात बुडवून धुतलं तेव्हा पट्ट्या अशा उभ्या राहिल्या जणू फणीचे दात.

नफीसा पगाराचं काही राहिलं होतं म्हणून त्या दिवशी आली होती. तिनं जेल उजेडात धरलं. वरची मोठी प्रथिनं, खालची लहान, मधली आपापल्या जागी थांबलेली.

"माशाअल्ला," ती म्हणाली. "किसने डाला?"

"मी."

"जल्दी गई तुम्हारे हाथ की." तिनं काचेवर बोट टेकवलं. काच बर्फातून नुकतीच काढलेली होती. ती बोट तसंच ठेवून उभी राहिली. नेहमी ती "उई" करून हात झटकायची. मी त्या "उई"ची वाट बघत राहिले.

मेंढ्यांच्या रक्तात वेगळं काही निघालं नाही. ती म्हातारी बरोबर होती, लालच होतं.

त्यानंतर मी वाट बघायला शिकले. जेल धरायची वाट बघतात तशी. पाऊस झाला, दसरा गेला, थंडी आली. मी नवाबपुऱ्यात जायची तेव्हा नफीसा मला प्रगती दाखवायची. आज बटण लागलं. आज भाकरीचा काठ कळला. आज चिमणीचं पीस गालाला न लावता कळलं. मी आनंद दाखवायची. खोटा नव्हता तो, पण पाण्याखालची ती केसाएवढी रेघ आम्हा दोघींना हवी होती, आणि ती उमटली नाही. ताण्यातला धागा तिच्या बोटांकडं परत आला नाही. अब्बांनी एक माणूस ठेवून बघितला, डोळस, चांगला; पण तो बघून जोडायचा, आणि बघायला झरोक्याचा उजेड पुरायचा नाही. मागावर चढवलेलं कापड कसंबसं संपवलं आणि अब्बांनी खड्ड्यातून पाय वर घेतले. पुन्हा खाली सोडले नाहीत. खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि त्यावर गहू वाळत घालायला लागले. दोन वर्षांनी अब्बा गेले.

नफीसाचं लग्न होऊन ती बिडकीनला गेली. ईदला भेटायची. तिला मुलं झाली, नातवंडं झाली. तिच्या धाकट्या नातवाला ताप आला की सून म्हणायची, अम्मी, कपाळाला हात लावून बघा. नफीसा कपाळाला गाल लावायची. सगळ्यांना वाटायचं, आजीची माया. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघायचं नाही, असं न बोलता ठरलेलं होतं.

माझी बोटं तिच्या मानानं कमी गेली. मी नळी धरत नव्हते, तारच तेवढी बघायची. कितीतरी वर्षं मला वाटत होतं, मी सुटले. मग हळूहळू कप गार व्हायला लागले.

औषध नव्हतं का, भरपाई नव्हती का, कुणाला जाब विचारला नाही का, असं इरा विचारील. तिच्या देशात विचारतात. कुणाला विचारायचं होतं? मॅडमच्या बोटांनाही शेवटी बुंदीचा लाडू वळता येत नव्हता. पूड तर आता धरून, धुऊन, गटारातून कधीच निघून गेली. विचारायला समोर कुणी उरत नाही, असं काही वेळा होतं, आणि हे पन्नाशी-साठी ओलांडल्यावरच कळतं. शिकलेल्या माणसाला वाटतं, कारण सापडलं की निम्मं काम झालं. आम्हाला कारण सापडलं होतं, अगदी पक्कं. त्या कारणानं एक धागासुद्धा जोडला नाही.

नफीसा गेल्या हिवाळ्यात गेली. मी बिडकीनला गेले होते. आता तिकडं सगळे कारखाने, रुंद रस्ते, रात्रंदिवस ट्रक. तिच्या सुनेनं मला जुन्या पेटीतून एक कापड काढून दिलं. अम्मींनी सांगून ठेवलं होतं, म्हणाली, लॅबवाल्या दीदीला द्या. मागावरचं शेवटचं कापड. तांबड्यावर पिवळी बुट्टी. नफीसानं ते विकू दिलं नव्हतं आणि कधी वापरलंही नव्हतं. एकदा मला म्हणाली होती, "इसमें मेरी गाँठ है, दीदी. अब्बा जिसको झूट बोले, वो. किधर है, मेरेकू अब मालूम नहीं."

ते कापड मी घरी आणलं आणि त्याच्यावरून हात फिरवला. पुढं, मागं, पुन्हा पुढं, अब्बा करायचे तसं. मला सगळं मऊ लागलं. चष्मा लावून बघितलं. बुट्टी इतकी दाट आहे की डोळ्याला गाठ सापडत नाही. गालाला लावून बघितलं. गाल म्हातारा झालाय, तोही काही सांगत नाही.

इरा, निनाद, हे कापड तुमच्या आईबरोबर पाठवते आहे. घडी मी घातली आहे, ती विस्कटू नका असं मी एरवी म्हटलं असतं. या वेळी विस्कटा. इरा, ते निळे हातमोजे काढून ठेव. हात साबणानं धू, कोरडे पूस, आणि कापड उलटं करून त्याच्यावरून बोटं फिरव. घाई करू नकोस. दाबू नकोस, फक्त धर. कुठंतरी एक गाठ आहे, अनाडी, जाड. म्हाताऱ्या विणकराला ती आपल्या मुलीची वाटली नव्हती, इतकी जाड.

सापडली की कुठं आहे ते मला सांगू नकोस. सांगितलंस तरी ती मला लागायची नाही. लागली, एवढंच कळव.